गरिबांची कैफियत मांडावयास शिकविणारे गुरु : डॉक्टर रुडॉल्फ फिरखो

गांवांत तापाची सांथ आली म्हणजे काय होतें हें आमच्या खेड्यांतील वाचकांस सांगावयास नको. डॉक्टर येतात, आजाऱ्यांची नाडी पाहतात, औषध देतात आणि पुढल्या गांवास जातात. त्यांच्या औषधानें कित्येक वांचतात व त्याबद्दल आपण देवाचे आभार मानतों. दुसऱ्या पावसाळ्यांत मात्र त्याच आळींत, ओढ्याच्या कांठच्या त्याच घरांत, तोच ताप पुन्हां येतो. आजाऱ्यास औषध देणें हें डॉक्टराचें काम खरें; पण तो ताप त्याच घरीं पुन्हां पुन्हां कां येतो हें शोधून काढणें, आणि ज्यांच्या हातीं पैसा व अधिकार आहे त्यांच्यापुढें उभें राहून तें सांगणें, हें काम कोणाचें? ज्या पुरुषानें हा प्रश्न स्वतःस विचारला, त्यापायीं नोकरी गमाविली, आणि पुढें पन्नास वर्षें वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस तोच प्रश्न विचारावयास शिकविलें, त्याचें चरित्र आज आम्ही देत आहों.

रुडॉल्फ फिरखो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजीं प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांतांत शिव्हेलबाइन नांवाच्या लहानशा गांवीं झाला. तें गांव आतां पोलंड देशांत असून त्यास श्विद्विन म्हणतात. वडील थोडी शेती करीत व गांवचा खजिना सांभाळीत. आईबापांचा हा एकुलता एक मुलगा. शाळेंत तो हुशार निघाला. भाषांत त्यास विशेष गति होती. पाळक व्हावें असें त्याच्या मनांत होतें. परंतु आपला आवाज बारीक आहे, तो उपदेशपीठावरून मंडळीस ऐकूं जाणार नाहीं, असें वाटून त्यानें तो विचार सोडला. हाच बारीक आवाज पुढें चाळीस वर्षें राज्याच्या विधिमंडळांत व राजधानीच्या नगरसभेंत ऐकूं यावयाचा होता, हें त्या वेळीं कोणास ठाऊक होतें?

बर्लिन शहरांत गरिबांच्या हुशार मुलांस फुकट शिकवून लष्करी डॉक्टर करणारी एक सरकारी संस्था होती. तींत १८३९ सालीं फिरखो यांस जागा मिळाली. योहानेस म्यूलर यांच्यासारखा मोठा गुरु लाभला. १८४३ सालीं ते डॉक्टर झाले आणि शारिटे नांवाच्या मोठ्या इस्पितळांत लागले. तेथें मेलेल्यांचीं शरीरें उघडून मरणाचें कारण शोधण्याचें काम त्यांच्याकडे आलें. १८४५ सालीं रक्तांतील पांढऱ्या पेशी बेसुमार वाढण्याच्या रोगाचें वर्णन त्यांनीं केलें. ल्युकेमिया हें आज सर्वांच्या तोंडीं असलेलें नांव त्यांनींच पुढें दिलें. १८४७ सालीं एका मित्रासह त्यांनीं एक वैद्यकीय मासिक काढलें. तें अजून त्यांच्याच नांवानें निघत आहे. त्याच वर्षीं विद्यापीठांत शिकविण्याचा अधिकारहि त्यांस मिळाला. सारांश, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं ते नांवाजलेले विद्वान झाले होते; पण त्यांचें सारें ज्ञान अजून इस्पितळाच्या चार भिंतींच्या आंतलें होतें.

१८४८ सालच्या आरंभीं प्रशियाच्या आग्नेय कोपऱ्यांत, वरच्या सायलीशिया प्रांतांत, टायफस नांवाच्या भयंकर तापानें माणसें धडाधड मरूं लागलीं. लागोपाठ कित्येक वर्षें बटाट्याचें पीक बुडालें होतें, त्यांत नद्यांस पूर आले. दुष्काळ आहे हें अधिकाऱ्यांनीं बरेच दिवस मान्यच केलें नाहीं. वर्तमानपत्रांत ओरड झाली तेव्हां सरकारनें बारेझ नांवाच्या वडील डॉक्टरांस तिकडे पाठविलें व त्यांच्या सोबत तरुण फिरखो यांस दिलें. २० फेब्रुवारीस ते निघाले आणि १० मार्चला परत आले. ह्या तीन आठवड्यांनीं त्यांचा जन्म पालटला.

रिबनिक आणि प्लेस ह्या दोन जिल्ह्यांत ते गांवोगांव हिंडले. ऐन थंडीचे दिवस. लांकडी ओंडक्यांच्या एकाच खोलीच्या झोंपड्या. तींत चूल, तींतच माणसें, आणि पुष्कळ ठिकाणीं तींतच गुरें. हे लोक नेहमीं बटाटे, ताक आणि आंबविलेली कोबी यांवर दिवस काढीत. बटाटे गेले तेव्हां त्यांनीं गुरांचा चारा आणि गवताचीं मुळें खाल्लीं. एकाच अंथरुणावर तापकरी आणि धडधाकट पडलेले. आईबाप मेलेलीं मुलें रस्त्यांत भीक मागत होतीं. फिरखो प्रत्येक ठिकाणीं लिहून घेत होते: ताप कोणत्या दिवशीं चढतो, अंगावर डाग केव्हां उठतात, मेलेल्याच्या शरीरांत काय आढळतें. त्याबरोबरच घरांत माणसें किती, जमीन कोणाची, धान्याचा भाव काय, शाळा आहे कीं नाहीं, रस्ता कसा आहे, हेंहि ते टिपून घेत होते.

परत येतांच त्यांनीं जो अहवाल लिहिला तो आम्हांस फार विचार करावयास लावणारा वाटतो. त्याचा आरंभ त्या लोकांविषयीं गोड शब्दांनीं झालेला नाहीं. हे लोक घाणेरडे राहतात, आळशी आहेत, मालकापुढें लाचार होतात, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें आहे. सुशिक्षित मनुष्य गरिबाच्या झोंपडींत पहिल्यानें शिरतो तेव्हां त्याच्या तोंडून असेंच निघतें, हें आपण पुष्कळदां ऐकिलें आहे. पुष्कळांचें पाहणें तेथेंच संपतें. फिरखो तेथें थांबले नाहींत. हे आळशी कां, असें त्यांनीं विचारलें. आणि उत्तर मिळालें कीं ह्यांच्या वाडवडिलांना आठवड्याचे बहुतेक दिवस जमीनदाराच्या शेतांत वेठीनें राबावें लागत होतें, मेहनतीचें फळ आपल्या घरीं येतें हें त्यांनीं कधीं पाहिलेंच नव्हतें. हे अडाणी कां? कारण हे पोलिश भाषा बोलतात, आणि शाळा व कचेऱ्या जर्मन भाषेंत चालतात. हे उपाशी कां? कारण जमिनीचें उत्पन्न दूरच्या शहरांत राहणाऱ्या सरदारांकडे जातें, कराचा बोजा गरिबावर पडतो, आणि संकट आलें म्हणजे अधिकारी एकमेकांकडे कागद धाडीत बसतात.

मग त्यांनीं उपाय सांगितले. औषधाच्या बाटल्यांचा उल्लेख त्यांत थोडा आहे. ह्या लोकांस त्यांच्या भाषेंत शिक्षण द्या, कारभारांत त्यांची भाषा चालूं द्या, त्यांस आपले अधिकारी आपण निवडूं द्या, श्रीमंतांवर कर बसवा, रस्ते बांधा, शेती सुधारा, त्यांस एकत्र येऊन सहकारी संस्था काढूं द्या, आणि धर्मसंस्थेचा हात राज्यकारभारांतून दूर करा. सरकारनें डॉक्टरी अहवाल मागितला होता. त्याच्या पदरीं सरकारवरचेंच दोषारोपपत्र आलें.

येथें एक गोष्ट सांगून टाकिली पाहिजे. टायफस कशानें पसरतो हें फिरखो यांस कळलें नव्हतें. हवा व दलदल यांचा त्याशीं संबंध आहे असें ते समजत होते. हा ताप अंगावरील उवांमुळें एकाकडून दुसऱ्याकडे जातो हें शार्ल निकोल यांनीं १९०९ सालीं ट्युनिस शहरांत सिद्ध केलें. पण उवा कोठें वाढतात? बदलावयास दुसरा कपडा नाहीं, थंडीमुळें धुणें होत नाहीं, एका अंथरुणावर सहा माणसें निजतात, अशा ठिकाणीं. म्हणजे जंतु व ऊ ठाऊक नसतांहि त्या तरुणानें रोगाचें घर अचूक ओळखिलें होतें.

बर्लिनला परत येऊन आठ दिवस झाले नाहींत तोंच तेथें क्रांति उसळली. १८ मार्च १८४८ रोजीं लोकांनीं रस्त्यांत अडथळे उभारून राजाच्या सैन्याशीं सामना केला. त्या अडथळ्यांपाशीं फिरखोहि होते. डॉक्टरानें तेथें असावें कीं नसावें याविषयीं वाचकांचें मत निरनिराळें पडेल. आम्हांस त्यापेक्षां त्यांनीं पुढें केलेलें काम अधिक महत्त्वाचें वाटतें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत त्यांनीं रुडॉल्फ लॉयबुशर नांवाच्या स्नेह्यासह वैद्यकीय सुधारणेस वाहिलेलें एक साप्ताहिक सुरू केलें. तें एक वर्षसुद्धां टिकलें नाहीं. १८४९ च्या जूनअखेर बंद पडलें. परंतु आजच्या वैद्यकीय शाळांत जें शिकविण्याची खटपट चालली आहे त्याचें बीज त्या थोड्या अंकांत सांपडतें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें: वैद्यक हें माणसाचें शास्त्र आहे, माणूस एकटा राहत नाहीं, तो समाजांत राहतो, म्हणून समाजाचे प्रश्न वैद्यकाच्या बाहेरचे नाहींत. गरिबांच्या घरांत शिरणारा सुशिक्षित मनुष्य डॉक्टर हाच होय. त्यामुळें त्यांची वकिली ओघानेंच त्याच्याकडे येते. नागरिकांच्या आरोग्याची जबाबदारी राज्यानें उचलावी. गरिबांस भिक्षा म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून डॉक्टर मिळावा. आणि वैद्यकीय जागा वशिल्यानें न देतां लायकी पाहून द्याव्या.

ह्याचें फळ मिळावयास उशीर लागला नाहीं. १८४९ च्या मार्चअखेर सरकारनें त्यांस शारिटेमधून दूर केलें. गवगवा झाल्यावर कांहीं दिवसांनीं परत घेतलें, पण इस्पितळांतलें राहणेंजेवणें काढून घेतलें. त्या सुमारास बव्हेरिया राज्यांतील व्यूर्त्सबुर्ख विद्यापीठानें त्यांस अध्यापकाची जागा देऊं केली. अट एवढीच कीं तेथें राजकीय चळवळ करावयाची नाहीं. फिरखो यांनीं ती पत्करिली. कित्येकांनीं त्यांस दोष दिला. आम्ही देत नाहीं. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, लग्न ठरलेलें असतां, घर आणि भाकर दोन्ही गेलेल्या माणसास काय वाटलें असेल हें त्यालाच ठाऊक. शिवाय तोंड बंद झालें तरी हात मोकळे होते. ह्या सात वर्षांत त्यांनीं जें शिकविलें त्यानें व्यूर्त्सबुर्खकडे विद्यार्थ्यांची रीघ लागली. आणि १८५२ सालीं त्याच बव्हेरिया सरकारनें श्पेसार्ट ह्या डोंगराळ भागांतील दुष्काळाची पाहणी करावयास त्यांनाच धाडिलें. तेव्हांहि त्यांनीं उपासमार व रोग यांचा संबंध लिहावयास कमी केलें नाहीं.

आतां त्यांच्या शिकविण्याविषयीं. आमच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांस ह्या भागांत गोडी वाटेल.

त्या काळीं पुष्कळ ठिकाणीं अध्यापक ग्रंथ वाचून दाखवी आणि विद्यार्थी उतरून घेत. फिरखो वर्गांत ताज्या शवांतील अवयव ताटांत घालून आणवीत व ते मुलांच्या हातोहात फिरवीत. रोगाचें नांव लगेच सांगावयाचें नाहीं. आधीं काय दिसतें तें सांगावयाचें: रंग कोणता, आकार केवढा, कापल्यावर आंत काय आढळलें. नांव मागाहून. बर्लिनला त्यांची स्वतंत्र संस्था झाल्यावर त्यांनीं विद्यार्थ्यांच्या लांब मेजांवर लहानसे रूळ बसविले होते. त्या रुळांवरून सूक्ष्मदर्शक यंत्र एका मुलापुढून दुसऱ्या मुलापुढें सरकत जाई, म्हणजे पाहिल्यावांचून कोणी राहूं नये. परदेशांतून आलेल्या डॉक्टरांस ह्या चिमुकल्या आगगाडीचें मोठें कौतुक वाटे. शव कसें उघडावें, कोणता अवयव कोणत्या क्रमानें तपासावा, आणि पाहिलेलें सारें जागच्या जागीं कसें लिहून ठेवावें, यावर त्यांनीं एक लहानसें पुस्तकहि लिहिलें. ते प्रेमळ शिक्षक होते असें मात्र कोणी म्हणत नाहीं. न पाहतां बोलणाऱ्या विद्यार्थ्यास ते असा टोला देत कीं तो जन्मभर विसरत नसे.

कोणी म्हणेल, शवाची चिरफाड आणि गरिबांची वकिली यांचा काय संबंध? आम्हांस तर हा संबंध अगदीं सरळ दिसतो. जो काळजाच्या तुकड्याविषयीं न पाहतां बोलत नाहीं तो गांवाविषयींहि न पाहतां बोलणार नाहीं. सायलीशियाच्या अहवालास जें वजन आलें तें त्यांतील रागामुळें आलें नाहीं. प्रत्येक झोंपडी मोजलेली होती म्हणून आलें. कळवळ्यानें बोलणारे लोक तेव्हांहि होते, आतांहि आहेत. अधिकारी त्यांचें ऐकून घेतो आणि विसरतो. आंकडे घेऊन आलेल्या माणसास वाटेस लावणें त्यास कठीण जातें. फिरखो यांच्या विद्यार्थ्यांस हा धडा वर्गांत मिळे. आणि तो वर्गाबाहेर कसा चालवावा हें पाहावयाचें असल्यास त्यांनीं आपल्या गुरूकडे नगरसभेंत पाहावें.

१८५६ सालीं बर्लिनने त्यांस सन्मानानें परत बोलाविलें. शरीराचा प्रत्येक रोग शेवटीं पेशींत घडतो, आणि प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशींतूनच जन्मते, हा सिद्धान्त त्यांनीं १८५८ सालच्या वीस व्याख्यानांत मांडला व त्यांचें नांव जगभर झालें. दुसरा कोणी असता तर एवढ्यावर सुखानें राहिला असता. पण दुसऱ्याच वर्षीं, १८५९ सालीं, ते बर्लिनच्या नगरसभेंत निवडून आले, आणि मरेपर्यंत त्रेचाळीस वर्षें त्यांनीं ती जागा सोडली नाहीं.

त्या वेळचें बर्लिन म्हणजे मोठें राजधानीचें शहर खरें, पण घाणीच्या बाबतींत आपल्या एखाद्या दाट वस्तीच्या पेठेसारखेंच. रस्त्याच्या दोन्ही कडांनीं उघडीं गटारें वाहत. संडासांचे खड्डे अंगणांत, आणि पिण्याच्या विहिरीहि अंगणांत. काय करावें यावर वर्षानुवर्षें वाद चालला. मैला गाड्यांनीं वाहून न्यावा असें एक पक्ष म्हणे. जमिनीखालून नळ घालावे असें दुसरा म्हणे. खर्च आमच्या बोकांडी बसेल म्हणून घरमालक दोहोंसहि विरोध करीत. फिरखो यांनीं चौकशी हातीं घेतली. शहरांत मरणें किती, कोणत्या महिन्यांत, जमिनींतलें पाणी केव्हां चढतें व केव्हां उतरतें, याचे तक्ते त्यांनीं तयार करविले. १८७३ सालीं त्यांचा मोठा अहवाल बाहेर पडला व त्याच वर्षीं जेम्स होब्रेख्ट नांवाच्या इंजिनियराच्या योजनेप्रमाणें काम सुरू झालें. शहराचे बारा भाग केले. प्रत्येक भागाचें सांडपाणी एका जागीं गोळा करून यंत्रानें शहराबाहेरच्या शेतांवर सोडलें. तेथें भाजीपाला पिकूं लागला. काम पुरें व्हावयास पुष्कळ वर्षें लागलीं, पण विषमज्वरानें होणारीं मरणें हळूहळू उतरलीं.

डुकराच्या मांसांतील ट्रिकिना नांवाच्या सूक्ष्म किड्याचीहि हकीकत अशीच आहे. हा किडा कच्च्या मांसांतून माणसाच्या अंगांत शिरतो व जीव घेतो हें १८६० च्या सुमारास सिद्ध झालें, आणि त्यांत फिरखो यांचा मोठा वांटा होता. १८६५ सालीं हेडर्सलेबन ह्या एका गांवांत त्यानें शंभरावर माणसें मेलीं. प्रत्येक डुकराचें मांस सूक्ष्मदर्शकानें तपासल्यावांचून विकूं नये, असा आग्रह फिरखो यांनीं धरिला. खाटकांनीं थट्टा केली. धंदा बुडेल म्हणून ओरड केली. फिरखो यांनीं सामान्य लोकांकरितां सोप्या भाषेंत पुस्तिका लिहून गृहिणींस समजाविलें. शेवटीं तपासणी सक्तीची झाली, आणि १८८१ सालीं शहराचा मोठा मध्यवर्ती कत्तलखाना उघडला. विद्वानानें सोप्या भाषेंत लिहिणें म्हणजे पायरी उतरणें, असें ज्यांस वाटतें त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. कारागिरांच्या मंडळांत जाऊन व्याख्यानें देणें व लोकांस समजेल अशी पुस्तकमाला काढणें हें फिरखो आपल्या धंद्याचाच भाग समजत.

शहराचीं इस्पितळें त्यांच्याच खटपटीनें उभीं राहिलीं: मोआबिट १८७२ सालीं, फ्रीड्रिख्सहाइन १८७४ सालीं, उर्बान १८९० सालीं. रोग्यांची शुश्रूषा हा रीतसर शिकण्याचा धंदा व्हावा, व तो धर्मसंस्थांच्या बाहेरहि शिकविला जावा, असें त्यांनीं १८६९ सालीं सांगितलें. त्या आधीं तेहेतीस वर्षें कायझर्सवेर्थ येथें पाळक फ्लीडनर यांनीं सेविकांस हेंच काम शिकवावयास आरंभ केला होता, तेव्हां ह्या बाबतींत फिरखो यांनीं थोडी अधिक उदारता दाखविली असती तर बरें झालें असतें, असें आम्हांस वाटतें. धर्मसंस्थांशीं त्यांचें कधींच जमलें नाहीं. १८७३ सालीं प्रशियाचें सरकार व कॅथोलिक धर्मसंस्था यांच्या झगड्यास ज्या नांवानें इतिहास ओळखतो तें नांव त्यांनींच आपल्या भाषणानें रूढ केलें. पाळक होऊं इच्छिणारा मुलगा येथवर आला होता. ही गोष्ट लपवून त्यांचें चरित्र सांगणें खरेपणाचें झालें नसतें.

१८६२ पासून ते प्रशियाच्या विधिमंडळांतहि होते, व तेथें बिस्मार्कसारख्या बलाढ्य प्रधानाच्या लष्करी खर्चास त्यांनीं विरोध केला. १८६५ सालीं बिस्मार्क इतके चिडले कीं त्यांनीं फिरखो यांस द्वंद्वयुद्धाचें आव्हान दिलें. फिरखो यांनीं तें नाकारिलें. त्या काळच्या मानी लोकांत असा नकार म्हणजे भित्रेपणा समजला जाई. पण वादाचा निकाल पिस्तुलानें लागतो असें त्यांस वाटत नव्हतें.

त्यांच्या चुका थोड्या नव्हत्या. हात धुऊन बाळंतिणींचा ताप टळतो, असें व्हिएन्नाच्या सेमेलवाइस यांनीं दाखविलें, तें फिरखो यांनीं फार दिवस मानिलें नाहीं. रॉबर्ट कॉख यांनीं २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिनमध्येंच क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. तेव्हांहि त्यांनीं खळखळ केली. जन्मभर विद्यार्थ्यांस आधीं पाहा असें सांगणारा गुरु, दुसऱ्यानें समोर ठेविलेलें पाहावयास नाखूष व्हावा, ही मोठी खेदाची गोष्ट. तथापि त्यांची भीति अगदींच खोटी नव्हती. जंतु सांपडला म्हणजे आतां उपासमार, कोंदट घर आणि वेठ यांकडे कोण पाहणार, असें त्यांस वाटत होतें. क्षयाचा जंतु सांपडूनहि क्षय गरिबांच्याच घरीं जास्त राहिला, हें आपण पाहतच आहों. विद्यार्थ्यास दोन्ही डोळे लागतात: एक यंत्राच्या भिंगावर ठेवावयास आणि एक झोंपडीच्या दारावर.

म्हातारपणींहि त्यांचा उद्योग थांबला नाहीं. जर्मनींतील सुमारें ६७ लक्ष शाळकरी मुलांचे केस, डोळे व कांति यांची मोजदाद करवून १८८६ सालीं त्यांनीं दाखविलें कीं शुद्ध वंशाची गोष्ट निराधार आहे. त्यांचें ऐकिलें असतें तर पुढें त्या देशावर व यहूदी लोकांवर जें ओढवलें तें कदाचित् टळलें असतें. १८९९ सालीं त्यांनीं आपल्या संग्रहांतील वीस हजारांहून अधिक नमुन्यांचें संग्रहालय उघडलें, व त्याचा एक भाग सामान्य लोकांकरितां ठेविला. रोगानें शरीराचें काय होतें हें हमालानें व मोलकरणीनेंहि आपल्या डोळ्यांनीं पाहावें, अशी त्यांची इच्छा होती. ४ जानेवारी १९०२ रोजीं एका सभेस जातांना, ट्राम पुरती थांबण्याआधींच त्यांनीं खालीं उडी मारली व मांडीचें हाड मोडलें. वय ऐशीं होतें. त्यांतून ते नीट उठलेच नाहींत, व ५ सप्टेंबर १९०२ रोजीं वारले. शहरानें आपल्या खर्चानें त्यांस मूठमाती दिली.

गुरूची ओळख शिष्यांवरून पटते. फिरखो यांच्या शेवटल्या काळीं त्यांच्या हाताखालीं माक्स वेस्टेनह्योफर नांवाचे एक तरुण डॉक्टर होते. ते पुढें दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत जाऊन तेथील विद्यापीठांत तोच विषय शिकवूं लागले. त्या विद्यापीठांत शिकलेले साल्व्हादोर आयेंदे १९३९ सालीं त्या देशाचे आरोग्यमंत्री झाले, व त्याच वर्षीं त्यांनीं चिलींतील गरिबी, घरें, मजुरी व बालमृत्यु यांवर आंकड्यांनीं भरलेलें पुस्तक लिहिलें. सायलीशियाचा अहवाल ज्यानें वाचला आहे त्यास तें परकें वाटत नाहीं.

आणि हा धागा आपल्या दारापर्यंतहि आलेला आहे. १९४३ सालीं हिंदुस्थान सरकारनें देशाच्या आरोग्याचा विचार करावयास एक समिति नेमिली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. हे मूळ नाशिकचे, ख्रिस्ती घराण्यांतले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेले. समितीनें १९४४ सालीं ज्या परदेशी तज्ज्ञांस सल्ल्यास बोलाविलें त्यांत हेन्री सिगरिस्ट नांवाचे वैद्यकाच्या इतिहासाचे अध्यापक होते. फिरखो यांच्या १८४८ सालच्या कार्याची आठवण त्यांनीं आपल्या लेखांतून नव्या पिढीस करून दिली होती. भोर समितीचा अहवाल १९४६ सालीं निघाला. प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्यास प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचें तीन महिन्यांचें शिक्षण मिळावें, म्हणजे तो समाजाचा डॉक्टर होईल, असें त्यांत सांगितलें होतें. महाविद्यालयांत त्या विषयाचे विभाग झाले. तो विषय परीक्षेपुरता घोकणारे विद्यार्थीहि झाले, हें आम्ही नाकारीत नाहीं.

२०२२ सालापासून आपल्या देशांतील वैद्यकीय विद्यार्थ्यांस पहिल्या वर्षापासूनच खेड्यांतील कांहीं कुटुंबें नेमून देण्याची रीत सुरू झाली आहे. शिक्षण चालेल तितकीं वर्षें त्यांनीं त्या घरीं जावयाचें, वजन घ्यावयाचें, रक्त तपासावयाचें व लिहून ठेवावयाचें. अशी एखादी मुलगी किंवा मुलगा वही घेऊन आपल्या गांवांत आला तर आमच्या उपदेशक व शिक्षक बंधूंनीं त्यास खुशाल चहा द्यावा. पण आजाऱ्याची खाट दाखवून झाल्यावर विहीर दाखवावी, ओढा दाखवावा, रेशनच्या दुकानाची पाटी दाखवावी, आणि गेल्या पावसाळ्यांत कोणकोणत्या घरीं ताप आला होता त्या घरांचीं नांवें एकामागून एक त्याच्या वहींत लिहवून घ्यावीं.